यादीबरहुकूम वाचन

‘पॉपशुगर’ ह्या अमेरिकन संकेतस्थळानें २०१५ सालीं वर्षभराच्या वाचनाची एक यादी काढली. शीर्षकांत रंगाचें नांव असलेलें पुस्तक, एकाच शब्दाचें शीर्षक असलेलें पुस्तक, अशीं तींत कलमें होतीं. अशा याद्यांबरहुकूम पुस्तकें निवडणारे वाचक आज आपल्याकडेही आहेत. पैजेनें कां होईना, माणूस वाचतो. मग बिघडलें कोठें, असें ह्या प्रघाताचे कैवारी विचारतात. परभाषेंतून अनुवादिलेलें पुस्तक वाचा, असें सांगणारें कलम वाचकाची दृष्टि विस्तारतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रंगाच्या कलमाखालीं खांडेकरांचा ‘हिरवा चाफा’ घेतला काय, किंवा काळी जमीन मथळ्यावर मिरविणारी शेतकीची पुस्तिका घेतली काय, रकाना सारखाच भरतो! विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी केवळ एकशब्दी शीर्षकासाठीं उचलणारा वाचक ती संपतांच खूण करून पुढील कलमाकडे वळतो. वस्तुतः त्या बोटीवरील प्रवासानें युरोपांतील ज्यूंविषयीं त्याच्या मनांत प्रश्न उठावयास हवेत, आणि त्या प्रश्नांनींच त्याचें पुढचें पुस्तक निवडावयास हवें. जिज्ञासा ज्याची त्यानेंच बाळगावयाची असते. ती यादीच्या हवालीं केली कीं वर्षअखेर रकाने भरतात. वाचक मात्र रिताच राहतो.