किल्ली मिळाली तरी...

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर बंद पडले आणि नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळा कारभार कागदावर आला. पाच सर्व्हर, त्यांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुणीतरी कुलूपबंद करून टाकली होती. गाडी रुळावर यायला जवळजवळ दोन आठवडे लागले.

तेव्हा चर्चा मुख्यतः एकाच गोष्टीची झाली: बड्या लोकांची माहिती चोरीला गेली का? मला मात्र काळजी वाटते ती साध्या रक्ताच्या रिपोर्टाची. एरवी नळीवरच्या बारकोडमुळे मशीनमधला आकडा थेट डॉक्टरांच्या पडद्यावर जातो. ती साखळी तुटली की कुणीतरी तो आकडा हाताने उतरवणार, कुणीतरी चिठ्ठी घेऊन चार मजले चढणार. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असल्या तर? पोटॅशियमच्या आकड्यातला दशांश चुकीच्या जागी पडला तर? चोरीपेक्षा हे भयंकर आहे.

पुढे सरकारने संसदेत कारण सांगितलं की नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. म्हणजे आपल्या जुन्या वाड्यासारखं. एकदा दिंडी दरवाजा ओलांडला की माजघरापासून कोठारापर्यंत सगळी दारं उघडी! आता आतली दारं बसवण्याच्या कामाची फीत कापता येत नाही. नव्या स्कॅन मशीनची येते. पैसा कुठे जातो ते सांगायला नकोच.

बरं, खंडणी देऊन मोकळं व्हावं म्हणाल, तर आयर्लंडचं उदाहरण बघा. १८ मार्च २०२१ ला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कुणीतरी ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली. त्यातून शिरलेले चोर आठ आठवडे आत वावरले आणि १४ मेला त्यांनी कुलूप ठोकलं. कॅन्सरच्या रेडिएशनच्या तारखासुद्धा कोलमडल्या. सरकारने पैसे दिले नाहीत. गंमत म्हणजे आठवड्याभरात चोरांनी किल्ली फुकटच देऊन टाकली. तरी सगळे सर्व्हर मोकळे व्हायला सप्टेंबर उजाडला!

यावर आमच्या घरातल्या ज्येष्ठांचं ठरलेलं उत्तर, "कागदच बरा होता." नाही हो. कागदाला वाळवी लागते, आणि जुना केसपेपर शोधताना होणारी दमछाक आपण सगळ्यांनी बघितली आहे. पण कागदावर काम करण्याची सवय मोडू देऊ नये, हे मात्र पटतं. आग लागल्यावर काय करायचं याचा सराव घेतात ना, तसा सहा महिन्यांतून एकदा एका वॉर्डातले कॉम्प्युटर दोन तास बंद ठेवून घ्यावा. कुठे अडतं ते शांत दिवशी कळेल. बॅकअपचंही तेच. "घेतो की रोज!" असं सगळेच सांगतात. तो नेटवर्कपासून वेगळा ठेवलाय का आणि पुन्हा चढवून कधी पाहिलाय का, असं विचारा, मग चेहरे बघा.

हे सगळं अपुऱ्या माणसांवर चालणाऱ्या रुग्णालयांना सांगणं सोपं नाही, कबूल. पण या सरावाला नवी यंत्रणा विकत घ्यावी लागत नाही.

असो. घरातल्या डॉक्टर मंडळींनो, एक काम करा. छापील फॉर्मांचा गठ्ठा कुठल्या कपाटात आहे, ते रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा आणि खाली प्रतिक्रियेत कळवा.