तेजोमेघ आणि पथदीप

धनू राशीतील ‘लगून’ हा नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणाऱ्या मोजक्या तेजोमेघांपैकी एक होय. मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७६४ साली त्याची नोंद केली. चार-पाच हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायुमेघात एक खुला तारकागुच्छ जन्मास आला आहे. त्यातील तप्त, तरुण ताऱ्यांचे जंबुपार किरण भोवतालच्या हायड्रोजन अणूंतून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. ते पुन्हा अणूंशी जुळताना मेघ स्वतः प्रकाशू लागतो. हा प्रकाश मात्र ठरावीक तरंगलांबींचाच असतो.

पथदीपांचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. सोडियमचे पिवळे दिवेही बव्हंशी मोजक्याच तरंगलांबींत प्रकाशत. त्यामुळे दुर्बिणीस योग्य गाळणी लावली की दिव्यांचा प्रकाश अडे आणि तेजोमेघाचा पार होई. २०१५ पासून राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाने रस्तोरस्ती पांढरे एलईडी आणले. त्यांचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असल्याने गाळणीची मात्रा फारशी चालत नाही. शिवाय त्यातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो.

विजेची बचत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इंजिने काटकसरी झाली की कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढतो, हे जेव्हन्सने १८६५ सालीच दाखवून दिले होते. प्रकाश स्वस्त होताच मंगल कार्यालये आणि जाहिरातफलक रात्रभर झगमगू लागले. अंधाराला बाजारभाव नाही. म्हणून त्याची हानी कोणाच्याही ताळेबंदात येत नाही.

अंधार मागणे म्हणजे रात्री कामावरून परतणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता धोक्यात आणणे, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. आकाशाकडे जाणारा प्रकाश रस्त्यावर पडतच नाही. त्याचे बिल मात्र करदाता भरतो. दिव्यावर झाकण आणि पिवळसर छटा, एवढ्या अटी नगरपालिकांनी निविदेतच घालाव्यात.

पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ साली भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण आकाश पाहण्यासाठी भाड्याची गाडी करून जंगल गाठणे किती विद्यार्थ्यांना परवडणार? धनू रास रात्रीच्या प्रारंभी उंच असते ती नेमकी पावसाळ्यात. ढग हटल्यावर ऑक्टोबरात ती नैर्ऋत्येस जेमतेम दोन तास दिसते. तेवढ्यापुरते शाळेच्या मैदानावरील झगझगीत दिवे मालवणे कोणत्याही नगरपालिकेस अशक्य नाही.