हात कापतो म्हणजे वय झालं, असं नव्हे

या पानावर मी एरवी करपा, खोडकिडा आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. आजचा विषय माणसाच्या आजाराचा आहे. मी कृषी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय कृषी खात्याच्या माणसाने का घेतला, हे पुढे वाचलंत की ध्यानात येईल.

गेल्या वर्षी आषाढात वडिवळ्याच्या शिवारात चारसूत्री भात लावणीचं प्रात्यक्षिक होतं. बांधावर सत्तरीतले एक तात्या बसले होते. मांडीवर टेकलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं एकमेकांवर सारखी फिरत होती. मला वाटलं, तंबाखू मळतायत. जवळ जाऊन बघतो तर हातात काहीच नाही. तेवढ्यात कुणी तरी रोपांची जुडी त्यांच्या हातात दिली आणि कंप थांबला. थोरला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघितलंत ना साहेब? कामाला हात लावला की हलत नाय, रिकामा बसला की हलतो. सोंग हाय सगळं."

मुलगा वाईट नाही. जे दिसलं ते त्याने सांगितलं. पण ज्याला तो सोंग म्हणत होता, तीच या रोगाची खूण आहे. पार्किन्सनचा कंप हात स्वस्थ असताना येतो आणि काम करताना पुष्कळदा कमी होतो. आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात या रोगाचे ८५ लाखांहून जास्त रुग्ण होते. आपल्या मुंबईतही डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वस्त्यांमध्ये घरोघर पाहणी केली होती. १९८८ साली ती छापून आली, आणि लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. तेव्हा हा परदेशातला रोग आहे असं समजू नका.

रोग होतो कसा?

मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. तिथे डोपामीन नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी हळूहळू मरतात. निम्म्याच्या आसपास गेल्यावर कुठे लक्षणं दिसू लागतात. कंप हे त्यातलं एक. काही रुग्णांना तर कंप येतच नाही. हालचाल मंद होते, अंग ताठरतं, चालताना एका बाजूचा हात हलायचा थांबतो, पावलं आखूड पडतात, चेहरा निर्विकार दिसतो. अक्षर बारीक होत जातं. त्याआधी काही वर्षं वास येईनासा होतो आणि बद्धकोष्ठता जडते. घरचे म्हणतात, म्हातारा सुस्तावला. खरं तर शरीर त्यांचं ऐकत नसतं.

औषधाचा शोध, आणि आपल्या रानातली वेल

या रोगाचा उलगडा होण्यात आपल्या दोन वनस्पतींचा हात आहे. पहिली सर्पगंधा. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली ते सशांना दिलं, तर ससे जागच्या जागी निपचित पडले. मग लेव्होडोपा टोचल्यावर तेच ससे पुन्हा हिंडू लागले. डोपामीनचं महत्त्व तिथून कळलं. कार्लसन यांना २०००चं नोबेल मिळालं.

दुसरी वनस्पती खाजकुयली. तिच्या शेंगेची लव अंगाला लागली तर काय होतं ते गुराख्यांना विचारा. तिच्या बियांमध्ये तोच लेव्होडोपा असतो. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली तो बियांतून वेगळा काढून दाखवला. आज दुकानात मिळणाऱ्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं. कार्बिडोपामुळे औषध वाटेतच वाया न जाता मेंदूपर्यंत पोचतं आणि मळमळही कमी होते. ही गोळी भारत सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

मग कुणी म्हणेल, बी आपल्या कुंपणावर फुकट असताना गोळी कशाला? प्रश्न चुकीचा नाही. संशोधकांनीही तो घेतला. मुंबईच्या वैद्यकांनी १९७८ साली बियांच्या चूर्णावरचे अनुभव छापले. १९९५ साली ६० रुग्णांवरची भारतातली चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात फायदा दिसला. लंडनमध्ये २००४ साली ८ रुग्णांवर तुलना झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण ३५ मिनिटांच्या आसपास आला, गोळीला ६९ मिनिटं लागली. पण २०१८ साली हेच चूर्ण काही आठवडे रोज देऊन पाहिलं, तेव्हा १४ पैकी ७ जणांना ते मध्येच सोडावं लागलं. काहींचं पोट बिघडलं, काहींची हालचाल आणखी मंदावली. शिवाय एका वेलीच्या बीत किती औषध आहे आणि दुसऱ्या वेलीच्या बीत किती, ते डोळ्यांनी कळत नाही. बियाण्याची पिशवी लेबल बघितल्याशिवाय घेऊ नका असं मी तुम्हाला सांगतो, तोच नियम इथे लावा.

तात्यांच्या बाबतीत हेच घडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. दोन महिन्यांनी मळमळ होते म्हणून त्यांनी त्या आपल्या मनानेच एकदम बंद केल्या आणि आठवडी बाजारात कुणी दिलेलं चूर्ण सुरू केलं. आठव्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ, ताप, कुशीवर वळता येईना. रुग्णालयात न्यावं लागलं, म्हणून वाचले. ही गोळी अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील. मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाईड या रुग्णांना चालत नाही, त्याने कंप आणि ताठरपणा वाढतो. तेव्हा कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा की रुग्णाला पार्किन्सन आहे.

गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे पाळा. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी, कारण डाळ, दूध, मटण यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. काही वर्षांनी एका गोळीचा असर लवकर उतरू लागतो. तेव्हा मात्रा वाटून द्यावी लागते, आणि कोणता तास जड गेला हे घरच्यांनी लिहून ठेवलं तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती निवडक रुग्णांसाठी आणि खर्चिक आहे. २०२५ साली जपानमध्ये ७ रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी सोडल्याचे निष्कर्ष आले. ते आशादायक आहेत, पण रुग्ण अगदी थोडे होते. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर जमीन विकू नका.

व्यायामाचा फायदा मात्र अनेक चाचण्यांत दिसला आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. चालताना पाय जमिनीला खिळले तर ठेका धरल्याने पाऊल सुटतं, हेही अभ्यासातून दिसलं आहे. तात्या उंबऱ्यात अडतात. नातू टाळ वाजवतो आणि तात्या पावली टाकत बाहेर येतात. हे मी स्वतः पाहिलं.

आता फवारणीचं

१९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळीची नशा केलेली काही तरुण मुलं अचानक ताठरली. भेसळीतल्या द्रव्याने मेंदूतल्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. शरीरात त्या द्रव्याचं जे रूप होतं, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. तेव्हापासून शास्त्रज्ञांची नजर शेतीच्या औषधांवर गेली. २०११ साली अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट आणि रोटेनॉन वापरलेल्यांमध्ये हा रोग सुमारे अडीच पट आढळला. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशकांमुळे झालेला पार्किन्सन हा शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य आजार मानला. जर्मनीत २०२४ साली सरकारच्या वैद्यकीय सल्लागार समितीने तशीच शिफारस केली. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाट बंद आहे. केरळनेही २०११ साली त्यावर बंदी घातली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्पादक हा संबंध मान्य करत नाहीत. वय हे या रोगाचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि कधीही पंप न उचललेल्या माणसांनाही तो होतो. तात्यांनी वीस वर्षं बांधावरचं तण औषधाने जाळलं, म्हणून त्यांना रोग झाला असं मी म्हणू शकत नाही.

पण २०१५ साली त्याच अमेरिकी अभ्यासाची माहिती वेगळी करून पाहिली गेली. पॅराक्वाट वापरताना ज्यांनी नियमित हातमोजे घातले त्यांच्यात रोगाशी संबंध दिसला नाही. ज्यांनी घातले नाहीत, त्यांच्यात दिसला. आपल्याकडे हातमोजे विकत घेतले जातात आणि खुंटीला टांगून ठेवले जातात. आम्ही कृषी खात्याची माणसंही प्रात्यक्षिकात मात्रा सांगतो, मोज्यांचं दोन वाक्यांत उरकतो. त्यात माझीही चूक आहे. गळका पंप पाठीवर घेऊ नका, औषध हाताने ढवळू नका, नोझल तोंडाने फुंकू नका, घरी आल्यावर साबणाने अंग धुऊनच पोरांना जवळ घ्या. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ग्रामपंचायतीने काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे या रुग्णाला तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. आपल्याकडच्या लोकांसाठी औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससून. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून घराला कठडा, शौचालयाला धरायला दांडी, चालायला आधार एवढं नक्की होईल. अक्षर बारीक झाल्याने बँकेत सही जुळत नाही आणि म्हातारा माणूस तीन-तीन हेलपाटे घालतो. तिथे कुणी तरी सोबत जाऊन समजावून सांगावं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरची माणसं मराठीत एकमेकांचे अनुभव सांगतात. कामशेतहून लोकल मिळते, जाऊन या.

तात्या अजून लावणी करत नाहीत. पण यंदा रोपांच्या जुड्या बांधायला ते बांधावर होते. थोरला मुलगा घड्याळ बघून गोळी देतो. त्या दिवशी तो फवारणीला निघाला होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, तसा हसला आणि घरात जाऊन मोजे घेऊन आला. तुमच्या घरातले मोजे कुठे आहेत, ते आजच बघून घ्या.