कोटितीर्थाकाठचे आबालाल

कोल्हापूर म्हटले की आपल्या वाचकांना शाहू महाराजांनी काढलेले मुस्लिम बोर्डिंग आठवते. त्याच महाराजांच्या दरबारचे चित्रकार अब्दुल अझीझ रहिमान मात्र आपल्याच घरांतून विसरले गेले. लोक त्यांना आबालाल म्हणत.

त्यांच्या घराण्यात कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चाले. बोरूचा कट, शाईचा दाटपणा, हाशियावरची वेलबुट्टी हे सारे मुलाच्या नजरेखालून गेले असणार. हात तिथेच बसला, असे आम्हाला वाटते. पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. तिथली शिस्त इंग्रजी. पुतळा समोर ठेवायचा आणि त्याचा छायाप्रकाश कागदावर उतरवायचा. त्यातही ते अव्वल ठरले, व्हाइसरॉयचे पदक मिळवले. मुंबईत राहून शेठलोकांची पोर्ट्रेट करत बसले असते तर पैसा कमी पडला नसता. ते कोल्हापुरास परतले.

आणि कोटितीर्थाच्या तळ्याकाठी रमले. तेच पाणी, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगवली. रंकाळ्यातला संध्यामठ रंगवला, पंचगंगेचा घाट रंगवला. रंगांचे लहान फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले. जवळून पाहिले तर नुसते डाग, चार पावले मागे सरकले की पाणी हलू लागते. जाणकार यावरून फ्रान्सच्या इंप्रेशनिस्ट चित्रकारांची नावे घेतात. घेवोत बापडे! आम्ही म्हणतो, आधी ते तळे नीट पाहावे.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रे कोटितीर्थात बुडवली असे सांगतात. कोणी हजारोंचा आकडाही सांगतो. आकड्याची ग्वाही आम्ही देणार नाही, पण आज पाहायला मिळतात ती चित्रे थोडीच. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचा इंतकाल झाला. बाबूराव पेंटर यांच्यासह कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. आपल्याकडे मात्र मुलीने रंगपेटी मागितली की अजून कुरकुर होते. तसवीर नको म्हणणाऱ्या बुजुर्गांनीही झाड-पाण्याला हरकत घेतल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही.

कोल्हापूर-मिरजेकडच्या वाचकांनो, आजोबांच्या पेटीत तळ्याचे एखादे जुने चित्र निघाले तर ते ओल्या भिंतीवर टांगू नका, आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका.