डिस्क तुमची, कुलूप कंपनीचं!

जुन्या कॉम्प्युटर गेम्स डिस्कशिवाय खेळणारे सगळे चोर, असं एकदा ठोकून दिलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून मीच विचारतो. पैसे मोजून घेतलेली गेम चालेनाशी झाली, तर नेमकी चोरी कुणी केली?

१९९८ ची 'स्टारक्राफ्ट' आठवते? तिच्यात 'स्पॉन' नावाची सोय होती. एका सीडीवरून मित्रांच्या मशीनवर फक्त मल्टिप्लेअरपुरती गेम टाकायची आणि लॅनवर एकत्र खेळायचं. ही मुभा खुद्द ब्लिझर्डने दिलेली. कंपनी बुडाली? अजिबात नाही. दक्षिण कोरियात तर तिचे सामने टीव्हीवर दिसायला लागले. २०१७ मध्ये मूळ गेम फुकटच करून टाकली.

बाकीच्यांनी काय केलं? सेफडिस्क, सिक्युरॉम अशी कुलपं लावली. ड्राइव्हमध्ये ओरिजिनल डिस्क नसेल तर गेम सुरूच होणार नाही. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्यात सेफडिस्कचा ड्रायव्हर चालेना. मायक्रोसॉफ्टने कारण दिलं सुरक्षेचं, ते रास्तही आहे. पण परिणाम बघा. ओरिजिनल डिस्कवाला बाहेर, क्रॅकवाला आत! प्रामाणिक गिऱ्हाइकाला याहून मोठी चपराक कोणती? त्यात आजच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही.

मल्टिप्लेअरचं दुखणं आणखी वेगळं. ज्या गेमस्पायच्या सर्व्हरवर कितीतरी गेम्स चालायच्या, ती सेवा ३१ मे २०१४ ला बंद झाली. 'बॅटलफील्ड २' त्यातच अडकली. चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभारून ती जिवंत ठेवली, तर २०१७ मध्ये ईएने नोटीस धाडली. चाहते गेमही वाटत होते, हा कंपनीचा आक्षेप मान्य. मग तुम्ही तरी विका, तुम्ही तरी चालवा! स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

आता कायद्याचं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला प्रोग्रॅम खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत करता येते. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्क बुडवायचा हेतू असेल तर. म्हणजे घरातल्या डिस्कची प्रत काढून मित्रासोबत खेळणारा आणि नवी गेम फुकटात उतरवून विकणारा, हे दोघे एका माळेचे मणी नाहीत. दुसऱ्याची बाजू मी घेणार नाही.

मागणी साधी आहे. विक्री थांबवली, सर्व्हर बंद केला, तर जाताना डिस्कचं कुलूप काढा आणि लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवू द्या. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेने हेच मागितलं आणि २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. निमित्त काय, तर 'द क्रू' ही विकत घेतलेली गेम युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला कायमची बंद केली.

"अहो, गेम तर आहे, एवढं काय?" म्हणणाऱ्यांनो, आज गेम आहे. उद्या तुमची ई-पुस्तकं असतील, दुकानातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर असेल. विकत घेतलं म्हणजे आपलं झालं, की कंपनीची मर्जी असेपर्यंतच आपलं? बोला, कमेंटमध्ये भांडूया.