ती ओरडली का नाही?

१९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. ज्या अर्थी तिच्या अंगावर जखमा नाहीत, त्या अर्थी तिने प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता. देशभर निषेध झाला. १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरुषांच्या मनातला तर्क मात्र फारसा बदलला नाही. गावातल्या कोणत्याही पारावर कान देऊन पाहावे.

‘ती ओरडली का नाही?’ असे विचारणारा पुरुष बहुधा क्रूर नसतो. अत्याचारी म्हणजे कोणी अनोळखी राक्षस, अशी त्याची समजूत असते. वास्तविक, नोंदल्या गेलेल्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. हे मान्य केले, तर आपला मित्र, आपला भाऊ, कदाचित आपले स्वतःचे वर्तनही तपासावे लागते. त्यापेक्षा तिचे कपडे तपासणे सोपे! शिवाय नायिकेचा नकार हा लाजरा होकारच असतो, हे त्याने असंख्य चित्रपटांत पाहिलेले असते. भीतीने शरीर गोठते, वाचा बसते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, असे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिले. मुलींना दिवेलागणीच्या आत घरी या, असे बजावणाऱ्या कित्येक घरांत मुलग्यांशी याविषयी एकदाही बोलणे झालेले नसते.