डिप्लॉयमेंटची घटमांडणी

मंडळी, आज जरा कडवट लिहिणार आहे. विषय एका फोल्डरचा!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात. भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. ती परंपरा आहे, ठीक आहे. पण एक्लिप्समध्ये सर्व्हरपुढे 'सिंक्रोनाइज्ड' दिसलं म्हणून नवा कोड चढलाच, असं छातीठोक सांगणारा सीनियर वेगळं काय करतो?

भानगड अशी. टॉमकॅटच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, अ‍ॅप्लिकेशन 'वेबअ‍ॅप्स' फोल्डरात जातं. एक्लिप्स मात्र डीफॉल्ट सेटिंगला तिथे काहीच टाकत नाही. वर्कस्पेसमधल्या 'डॉट मेटाडेटा'च्या पोटात, चार फोल्डर उतरून, 'डब्ल्यूटीपी-वेबअ‍ॅप्स'मध्ये स्वतःची कॉपी काढतो. शेगावहून इंजिनिअरिंग करून पुण्यात आलेला पोरगा वेबअ‍ॅप्समध्ये आपली जेएसपी शोधतो. "कुठी गेली बाप्पा?" सीनियर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" मग पोरगं समजतं की आपल्यालाच जमत नाही, आणि विचारणंच बंद करतं. माझा राग आहे तो यावर.

उपाय दहा मिनिटांचा आहे हो! सर्व्हरवर डबल-क्लिक करा, 'सर्व्हर लोकेशन्स'मध्ये 'कस्टम लोकेशन' निवडा, डिप्लॉय पाथ द्या. पर्याय फिकट दिसतोय? आधी सर्व्हरवरची सगळी मॉड्यूल्स काढून रिकामं पब्लिश करा. एक्लिप्स वापरत नसाल, तर टॉमकॅटच्या मूळ फोल्डरला हात न लावता 'कॅटालिना बेस' वेगळा ठेवा आणि सर्व्हर-एक्सएमएलच्या होस्ट टॅगमध्ये 'अ‍ॅपबेस' बदला. मग ही सेटिंग्ज आणि चार ओळींची रीडमी कोडसोबत रिपॉझिटरीत टाका.

"डीफॉल्ट चालतंय ना, कशाला हात लावायचा?" चालतंय, पण ज्याला पत्ता तोंडपाठ आहे त्याच्यासाठी. "आता डॉकर आहे ना!" अहो, टॉमकॅटच्या डॉकर इमेजमध्येही वॉर फाइल शेवटी वेबअ‍ॅप्समध्येच टाकतात. फोल्डर काही सुटत नाही.

प्रत्येक नवख्याने तोच पत्ता पुन्हा शोधायचा, याला 'शिकणं' म्हणू नका. तो टीमचा आळस आहे.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या रीडमीत डिप्लॉय फोल्डरचा पत्ता आहे का, तेवढं बघा. नसेल तर चहाच्या आधी लिहून टाका.